आधी अस्तर, मग गरुड

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन भूदलाच्या दोन पी-कॅप शेजारी शेजारी ठेवल्या आहेत असं समजा. एक पायदळातल्या अधिकाऱ्याची, दुसरी रणगाडा दलातल्या अधिकाऱ्याची. राखी-हिरवं कापड तेच, गडद हिरवा पट्टा तोच, चंदेरी दोरीही तीच. फरक एवढाच, की एकीला कडेने पांढरा गोट आहे आणि दुसरीला गुलाबी. संग्राहकांच्या बाजारात मात्र गुलाबी गोटाची टोपी कितीतरी महाग जाते, कारण रणगाडा दलातली माणसं पायदळाच्या मानाने थोडी होती आणि त्यांच्याभोवतीचं वलय मोठं आहे. तीच टोपी एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेच्या, अधिकाऱ्याची निघाली, तर भाव कैक पटींनी चढतो. या एसएसला न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने 1946 मध्ये गुन्हेगारी संघटना ठरवलं होतं, आणि सर्वाधिक बनावट माल तिच्याच नावावर खपतो.

बोटभर दोऱ्यावर एवढा पैसा अवलंबून असला, की तो दोरा बदलणारे हात तयार होणारच. हा धंदा आजकालचा नाही. युद्ध संपल्यावर सैनिकांनी आठवण म्हणून नेलेल्या टोप्या पुढे संग्राहकांकडे आल्या, मागणी वाढली आणि नकलाही निघू लागल्या. साठच्या दशकात केलेली नक्कल आज स्वतःच साठ वर्षांची झाली आहे. तिच्यावरची धूळ खरी, तिला लागलेली कसर खरी, तिच्या चामड्याला गेलेले तडेही खरे. म्हणून ‘बघा, किती जुनी दिसते’ या वाक्याला पारखीच्या कामात काही किंमत नाही.

मग बघायचं काय? टोपी ही पंधरा-वीस सुट्या भागांची जुळणी असते: वरचं कापड, पट्टा, गोट, छज्जा, अस्तर, घामपट्टी, दोरी, बटणं, बिल्ला, गरुड, शिक्का, शिवणीचा दोरा. यातला प्रत्येक भाग कुठल्या तरी साली, कुठल्या तरी हुकुमानुसार, त्या वेळी मिळणाऱ्या मालातून बनला. अस्सल टोपीत हे सगळे भाग एकच साल, एकच दल आणि एकच हुद्दा सांगतात. बनावट टोपीत कुणीतरी एक वेगळं बोलतो. त्याला हुडकून काढणं हीच पारख.

कुठली टोपी, कुठल्या सालची

सुरुवात कालक्रमापासून करावी लागते. पी-कॅपला जर्मनमध्ये शिर्ममुत्से म्हणतात. ती परेडला, कचेरीत, शहरात घालायची. मैदानावर आणि छावणीत असायची फेल्डमुत्से. 1934 ची फेल्डमुत्से होडीच्या आकाराची. मिटली की गांधी टोपीसारखी सपाट होऊन कमरेच्या पट्ट्याखाली खोचता येई. अधिकाऱ्यांसाठी चंदेरी गोटाची आवृत्ती 1938 मध्ये आली. रशियातल्या थंडीने कान गारठल्यावर 1942 मध्ये बाजूच्या पट्ट्या खाली ओढून बटणं लावता येतील अशी नवी टोपी निघाली. 1943 च्या उन्हाळ्यात सगळ्यांसाठी एकच, पुढे लांब छज्जा असलेली आइनहाइट्सफेल्डमुत्से आली. तिचा नमुना पर्वतीय तुकड्यांच्या जुन्या टोपीवरून घेतला होता. उत्तर आफ्रिकेत गेलेल्यांना ऑलिव्ह रंगाच्या सुती कापडाची, लाल अस्तराची, बाजूला हवेसाठी धातूची भोकं असलेली टोपी मिळाली.

अधिकाऱ्यांची आणखी एक लाडकी टोपी होती. 1934 मधली ही ‘जुन्या पद्धतीची’ मैदानी टोपी दिसायला पी-कॅपच, पण आत ताठपणासाठीची तार नाही, हनुवटीपट्टा नाही आणि छज्जा मऊ चामड्याचा, त्यामुळे ती चुरगाळून खिशात जाई. 1 एप्रिल 1942 नंतर ती घालू नये असा हुकूम होता. तो पुष्कळांनी पाळला नाही. इंग्रजी बोलणारे संग्राहक तिला ‘क्रशर’ म्हणतात आणि तिच्यासाठी भरपूर पैसे मोजतात. परिणाम असा, की साध्या पी-कॅपमधली तार काढून तिला मऊ करायची आणि क्रशर म्हणून विकायची ही युक्ती जुनी झाली आहे. गंमत म्हणजे युद्धकाळातले तरुण अधिकारीही ऐटीसाठी तार काढून टाकत. त्यामुळे तार नाही एवढ्यावरून निकाल लागत नाही. छज्जा बघावा लागतो. खऱ्या जुन्या मैदानी टोपीचा छज्जा मऊ असतो, तार काढलेल्या पी-कॅपचा कडकच राहतो.

हा कालक्रम डोक्यात पक्का असला, की काही नकला हातात न घेताच बाद होतात. मैदानी टोप्यांवर बिल्ल्याभोवती दलाच्या रंगाची, उलट्या ‘व्ही’ आकाराची फीत असे. ती 1942 मध्ये बंद झाली. मग 1943 च्या नमुन्याच्या टोपीवर ती दिसली, तर विक्रेत्याला पहिला प्रश्न तिथेच विचारायचा. आत 1941 चा शिक्का आणि बाहेर 1943 ची कापणी, हे तर शक्यच नाही.

रंगांचा हिशेब

जर्मन भूदलात प्रत्येक दलाला रंग ठरलेला होता: पायदळ पांढरा, तोफखाना लाल, रणगाडा दल गुलाबी, घोडदळ सोनेरी पिवळा, संदेशवहन लिंबासारखा पिवळा, खंदक आणि पूल बांधणारे काळा, पर्वतीय तुकड्या फिका हिरवा, वैद्यकीय दल गडद निळा, रसद फिका निळा. सेनापतींचा गोट सोनेरी. हवाई दलाची टोपी निळसर राखी, तिचा पट्टा काळा आणि उभ्या रेघांच्या विणीचा. हवाई तुकड्यांतल्या शिपायांचा गोट पिवळा, विमानविरोधी तोफांच्या तुकड्यांतल्या शिपायांचा लाल.

गोट टोपीला तीन ठिकाणी फिरतो: वरच्या थाळीच्या कडेला, पट्ट्याच्या वर आणि पट्ट्याच्या खाली. तो वरून चिकटवलेला नसतो, टोपी शिवतानाच दोन कापडांच्या मध्ये धरलेला असतो. म्हणून तो बदलायचा तर शिवण उसवावी लागते. शिवण उसवली, की जुन्या सुईची भोकं राहतात आणि नवी शिवण त्याच भोकांतून जात नाही. भिंग घेऊन पट्ट्याच्या खालच्या कडेने गोल फिरलं, तर भोकांची दुहेरी रांग दिसते. शिवाय कापड इतकी वर्षं उन्हात विटलेलं असतं, पण शिवणीत दबलेली पट्टी विटत नाही. शिवण पुन्हा घालताना कापड केसभर जरी सरकलं, तरी गडद रंगाची बारीक रेघ बाहेर डोकावते.

उसवण्याचा त्रास टाळणारे पांढऱ्या गोटालाच रंग देतात. यावर सोपा उपाय आहे. घामपट्टी हलकेच बाजूला करून गोटाचं शिवणीत गेलेलं टोक बघायचं. नैसर्गिकपणे विटलेला गुलाबी बाहेर फिका आणि आत गडद असतो. ब्रशने रंगवलेला बाहेर गडद आणि आत पांढरा असतो. उन्हामुळे रंग आतून बाहेर फिका होत जातो, ब्रशच्या रंगाचा क्रम उलटा असतो. याच परीक्षेतून कधी कधी आनंदाचा धक्काही मिळतो. गुलाबी रंग उन्हाने इतका उडतो, की बाहेरून पायदळाची वाटणारी टोपी आतून रणगाडा दलाची निघू शकते.

टोपी उलटी करा

नवखा माणूस टोपी हातात घेतो आणि गरुड बघतो. सरावलेला माणूस आधी ती उलटी करतो. गरुड सुटा मिळतो, अस्तर सुटं मिळत नाही.

आधी कळीचा प्रश्न: टोपी सरकारी होती की खासगी? जर्मन अधिकारी आपल्या टोप्या स्वतः विकत घेत. म्हणून त्यांच्या टोपीत कारखानदाराचं नाव मिरवलेलं असतं. रेशमी किंवा कृत्रिम रेशमी अस्तरावर सोनेरी किंवा चंदेरी छपाई, वर घाम लागू नये म्हणून शिवलेला पारदर्शक तुकडा, बहुतेकदा शंकरपाळ्याच्या आकाराचा. बर्लिनचा रोबेर्ट लुबश्टाइन आपल्या टोप्या ‘एरेल’ या नावाने विके. आर आणि एल या आद्याक्षरांच्या उच्चारातून ते नाव झालं. वुपरटालमधल्या रॉन्सडॉर्फचा पेटर क्युपर ‘पेक्युरो’ हे नाव वापरी. साध्या शिपायाला मात्र टोपी सरकारी भांडारातून मिळे. तिचं अस्तर जाडंभरडं, आणि त्यावर शाईचे शिक्के: कारखाना, गाव, साल, डोक्याचं माप. मापं सेंटिमीटरमध्ये, 56, 57, 58 अशी. युद्धाच्या उत्तरार्धात कारखान्याचं नाव जाऊन त्याजागी लांबलचक सरकारी नोंदणी क्रमांक आला. शत्रूला कारखान्यांचे पत्ते कळू नयेत, हा हेतू. अधिकाऱ्याच्या चंदेरी दोरीची टोपी आणि आत भांडाराचा शिक्का असं दिसलं, तर ती सरळ खोटी ठरत नाही, पण दोरी मागाहून लावली का, हे तपासायला हवं.

शिक्क्याची शाई कापडाच्या धाग्यांत मुरलेली, कडा किंचित फुटलेल्या, जिथे डोकं घासलं तिथे पुसट झालेली असावी. सगळीकडे सारखी काळी, कडा कापल्यासारख्या सरळ, असं दिसलं की रबरी शिक्का नव्याने मारल्याचा वास येतो. जर्मन शब्दावरचा उमलाउट (स्वरावरचे दोन ठिपके) गळालेला असेल, तर शिक्का करणाऱ्याला जर्मन येत नव्हतं.

पारदर्शक तुकडाही बोलतो. ऐंशी वर्षांत तो पिवळा, ठिसूळ आणि थोडा आकसलेला होतो. त्यामुळे शिवणीभोवती अस्तराला चुण्या पडतात, कोपऱ्यांना तडे जातात. खरं सेल्युलॉइड बोटाने घासून गरम केलं, तर कापराचा वास येतो, कारण ते कापूर घालूनच बनवतात. आजच्या नकलेतलं प्लास्टिक मऊ, लवचिक आणि चिवट असतं.

घामपट्टी सर्वांत प्रामाणिक. टोपी घातलेला माणूस कपाळाने घाम गाळतो, म्हणून पट्टी कपाळाशी सर्वांत काळवंडते, कानांशी कमी, मागे जोडाजवळ थोडी. ती एकसारखी तपकिरी झाली असेल, तर तिला चहात किंवा कॉफीत बुडवलं आहे. पट्टी वापरून झिजलेली आणि तिच्यावर टेकणारं अस्तर कोरं, हेही जमत नाही. डोक्यावरच्या टोपीत दोघं बरोबरच मळतात.

छज्जाही बघायचा. पी-कॅपचा काळा चकचकीत छज्जा बहुधा व्हल्कन फायबरचा असतो. चिंध्यांपासून केलेला कागद झिंक क्लोराइडच्या द्रावणातून काढून थर दाबले, की हा शिंगासारखा कडक पदार्थ तयार होतो. त्याच्यावर लाखेसारखा थर चढवलेला असतो. खालची बाजू तपकिरी, राखी किंवा हिरवट, आणि तिच्यावर पुष्कळदा बारीक जाळीदार ठसा असतो. जुन्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसभर भेगा पडतात आणि छज्ज्याच्या कडेला कपची उडाली, तर आत कागदाचे थर दिसतात. साच्यातून ओतलेल्या प्लास्टिकला थर नसतात.

गरुडाचे पाय

एवढं झाल्यावर टोपी सुलटी करून चिन्हांकडे वळायचं. भूदलाच्या टोपीवर हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझींचं स्वस्तिक, पायात धरलेला गरुड 1934 मध्ये आला. काळ्या-पांढऱ्या-लाल बिल्ल्याभोवती ओकच्या पानांची माळ 1935 मध्ये आली. 1937 च्या सुमारास गरुडाचे पंख मोठे झाले. हवाई दलाच्या सुरुवातीच्या गरुडाची शेपटी खाली झुकलेली होती, नंतर ती बदलली. 1936 च्या कापणीच्या टोपीवर मोठ्या पंखांचा गरुड असेल, तर तो बदललेला आहे. कदाचित त्या अधिकाऱ्यानेच नियमाप्रमाणे बदलला असेल, कदाचित विक्रेत्याने.

धातूही साल सांगतो. युद्धापूर्वी चिन्हं टोंबाक या तांब्याच्या मिश्रधातूची किंवा जर्मन सिल्व्हरची होती. पुढे अॅल्युमिनिअम आलं. तांबं आणि अॅल्युमिनिअम शस्त्रांसाठी लागू लागलं, तसं युद्धाच्या शेवटी जस्त आलं. तांब्याच्या मिश्रधातूला हिरवट गंज चढतो आणि तो आजूबाजूच्या कापडात उतरतो. जस्तावर राखी भुकटी येते. टोंबाकचा गरुड आणि खालचं कापड लख्ख कोरं, असं असेल तर गरुड अलीकडे येऊन बसला आहे.

धातूच्या चिन्हाला मागे वाकवायचे पाय असतात. ते कापडातून आत जाऊन अस्तराखाली दुमडले जातात. अस्तर थोडं उचलून बघितलं, तर पायांच्या जागी कापड दबलेलं, डाग पडलेला आणि भोकं फक्त तेवढीच असावीत. जास्तीची भोकं म्हणजे त्या जागी आधी वेगळं चिन्ह होतं. वरून बघताना चिन्हाच्या आकाराची छाया शोधायची. ऐंशी वर्षं गरुडाखाली दडलेलं कापड विटत नाही. चिन्हाखालची छाया चिन्हापेक्षा वेगळ्या आकाराची असली, तर पारख तिथेच आटोपते.

मैदानी टोप्यांवर धातूऐवजी विणलेली चिन्हं असत. त्यातलं मोठं नाव बेफो, वुपरटालच्या एवाल्ड फोर्श्टेहर यांचा फीत-कारखाना. त्यांच्या विणीत मागच्या बाजूचे आडवे धागे नेमकेपणे एका ओळीत जातात. नकलेत पुढची बाजू चांगली साधते, मागची ढिली आणि धागे सैरभैर असतात. आफ्रिकेतल्या टोपीवरचा गरुड तांबूस-तपकिरी कापडावर निळसर-राखी धाग्याचा असे. पुढच्या बाजूने छान दिसणारं चिन्ह मागून बघायला नकार देणारा विक्रेता मिळाला, तर त्याच्या दुकानातून निघालेलं बरं.

दिवा आणि काडी

रसायनशास्त्राची मदत घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा पुरतो. पांढरं अधिक पांढरं दिसावं म्हणून कापडात, धाग्यात, कागदात आणि धुण्याच्या पावडरीत जी उजळणारी द्रव्यं घालतात, ती या दिव्याखाली निळसर पांढरी चमकतात. पाउल क्राइस या जर्मन शास्त्रज्ञाने 1929 मध्ये घोडचेस्टनटमधल्या द्रव्याचा हा गुण कापडावर दाखवला. पण ही द्रव्यं कापडधंद्यात सर्रास आली ती 1950 नंतर. म्हणून टोपीच्या शिवणीतला धागाच चमकत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. उलट बाजूने सावध राहायला हवं. जुनी अस्सल टोपी कुणा आजीने एकदा आधुनिक पावडरीने धुतली असेल, तर तीही चमकेल. मात्र धुण्याची चमक सगळीकडे पसरलेली असते, नव्या धाग्याची रेघेसारखी. आणि चमकलं नाही म्हणून टोपी अस्सल ठरत नाही, कारण नकली टोप्या करणाऱ्यांना हा दिवा कधीच कळला आहे. दिवा खोटं पकडू शकतो, खरं सिद्ध करू शकत नाही.

दुसरी परीक्षा काडीची. सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून पेटवायचा, तोही मालकाच्या परवानगीने. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, सूत आणि कृत्रिम रेशमाला जळक्या कागदासारखा. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिएस्टरचा धागा 1941 मध्ये इंग्लंडमध्ये विनफील्ड आणि डिक्सन यांनी तयार केला आणि बाजारात युद्धानंतर आला. तेव्हा 1940 च्या जर्मन टोपीच्या मूळ शिवणीत तो असूच शकत नाही. कृत्रिम रेशमाला मात्र दोष देऊ नये. जर्मनीला लोकर अपुरी पडत होती आणि युद्ध पुढे सरकलं तसं कापडात कृत्रिम धागे आणि चिंध्यांची लोकर वाढत गेली. नवखे लोक ‘हे तर सिंथेटिक’ म्हणून खऱ्या टोप्या नाकारतात.

या दोन परीक्षांची ताकद जगाला दिसली ती टोपीवरून नव्हे, डायऱ्यांवरून. एप्रिल 1983 मध्ये ‘श्टेर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या गुप्त डायऱ्या सापडल्याचं जाहीर केलं. त्यासाठी सुमारे 93 लाख मार्क मोजले गेले होते. हस्ताक्षरतज्ज्ञ फसले, एक नामांकित इतिहासकारही सुरुवातीला फसला. मग जर्मन सरकारी पुराभिलेखागाराने आणि संघीय गुन्हे अन्वेषण विभागाने कागद अतिनील दिव्याखाली धरला. कागद चमकला, आणि मोहरांना लावलेल्या धाग्यांत पॉलिएस्टर निघालं. 6 मे 1983 रोजी डायऱ्या खोट्या असल्याचं जाहीर झालं. त्या लिहिणारा कोनराड कुयाव हा श्टुटगार्टचा माणूस मुळात नाझी काळातल्या वस्तूंचाच व्यापारी होता. डायऱ्यांच्या पानांवर त्याने चहा ओतला होता आणि त्या टेबलावर आपटून जुन्या केल्या होत्या. 1985 मध्ये त्याला साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

कसरीलाही असंच विज्ञान आहे. कसरीची अळी लोकर खाते, कारण तिला प्राण्यांच्या केसांतलं केराटिन पचतं. सूत आणि कृत्रिम रेशीम ती सहसा सोडते. कसरीने खाल्लेल्या खऱ्या टोपीत लोकरीचा पृष्ठभाग वेड्यावाकड्या मार्गाने चरलेला दिसतो आणि आतलं सुती अस्तर शाबूत राहतं. बाहेरचं भोक आणि आतलं भोक एकाच जागी, एकाच आकाराचं असेल, तर ते अळीने नाही, टोच्याने केलं आहे.

खरी टोपी, खोटा हुद्दा

पूर्ण बनावट टोपी पकडणं त्या मानाने सोपं. अवघड प्रकार असतो तो खऱ्या टोपीला वरचा हुद्दा दिल्याचा. त्या काळात जर्मनीत रेल्वे, टपाल, अग्निशामक दल, वनखातं सगळीकडे गणवेश होता आणि टोप्या शिवण्याची पद्धत तीच होती. अशा टोपीचं कापड, छज्जा, अस्तर, घामपट्टी सगळं युद्धकाळातलं. चिन्हं तेवढी बदलायची. दिव्याखाली काही चमकत नाही, छज्ज्यात कागदाचे थर दिसतात, घामपट्टी बरोबर काळवंडलेली असते. इथे फक्त रंग, गोट आणि भोकं उपयोगी पडतात.

युद्धानंतरचा काळ आणखी फसवा. पश्चिम जर्मनीत 1951 मध्ये स्थापन झालेलं सीमा पोलीस दल 1943 च्या नमुन्याला अगदी जवळची हिरवी टोपी घालत असे. पूर्व जर्मनीच्या सैन्याने 1956 मध्ये जुन्या जर्मन कापणीचाच राखी गणवेश घेतला. काही जुन्या टोपी-कारखान्यांनी युद्धानंतर पोलीस आणि रेल्वेसाठी काम चालू ठेवलं. तेच यंत्र, तेच कारागीर, तीच सवय. अशा टोपीत काय बदललं ते शोधायचं असतं: शिवणीचा धागा, अस्तराचं कापड, आणि शिक्का. तिच्यातून पूर्व जर्मनीचा शिक्का काळजीपूर्वक कापून काढलेला असेल, तर त्या चौकोनी रिकाम्या जागेइतका मोठा कबुलीजबाब दुसरा नाही.

गोष्टीचा भाव

विक्रेत्याकडे टोपीबरोबर एक गोष्टही असते. अमुक सैनिकाने नॉर्मंडीत घेतली, तमुक आजोबांच्या पेटीत होती. संग्राहकांमध्ये जुना नियम आहे: वस्तू विकत घ्या, गोष्ट नको. कुयावने एका सामान्य, मोडक्या पहिल्या महायुद्धातल्या शिरस्त्राणाला चिठ्ठी जोडून ते 1917 मध्ये ईप्रच्या आघाडीवर हिटलरने घातल्याचं सांगितलं होतं. शिरस्त्राण खरं, चिठ्ठी खोटी, आणि किंमत चिठ्ठीची.

अमेरिकी सैनिकांना शत्रूच्या वस्तू घरी पाठवताना वरिष्ठाच्या सहीचं प्रमाणपत्र लागे. अशी मूळ प्रमाणपत्रं आज टोप्यांबरोबर मिळतात. पण कागदावर नुसतं ‘जर्मन टोपी’ असं मोघम लिहिलेलं असेल, तर तो कागद कुठल्याही टोपीला जोडता येतो. कागद आणि टोपी यांना बांधणारं काहीतरी हवं: माप, खूण, घातलेल्याचं नाव.

अशी गोष्ट महाराष्ट्रातल्या घरातूनही खरी निघू शकते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी 1943 ते 1945 या काळात इटलीत जर्मनांशी लढल्या. तिथेच रायगडचे यशवंत घाडगे यांना जुलै 1944 मधल्या आणि नगरचे नामदेव जाधव यांना एप्रिल 1945 मधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. इटलीहून परतलेल्या एखाद्या जवानाच्या पेटीत जर्मन टोपी असणं अशक्य नाही. पण त्याच्या सेवापुस्तिकेतल्या तारखा आणि टोपीवरचं साल जुळलं पाहिजे. 1943 च्या नमुन्याची टोपी 1941 च्या आफ्रिकेतल्या लढाईची आठवण असू शकत नाही.

भारतीय ग्राहकाला दुसरं एक आमिष दाखवलं जातं: सुभाषबाबूंच्या जर्मनीतल्या भारतीय पथकाची टोपी, पुढे झेपावणारा वाघ. त्या पथकात तो वाघ बाहीवरच्या बिल्ल्यावर होता. शिखांनी पगडी घातली, बाकीच्यांनी जर्मन सैन्याची नेहमीची टोपी, नेहमीच्याच चिन्हांसह. कपाळावर वाघ असलेली टोपी बघून मन हललं, तरी खिसा हलू देऊ नये.

रिकामी जागा

जर्मनीत फौजदारी कायद्याच्या कलम 86अ नुसार ही चिन्हं जाहीरपणे दाखवायला बंदी आहे. शिक्षण, संशोधन, कला यांना सूट आहे. तिथल्या लिलावांच्या सूचिपत्रांत हाकेनक्रॉइत्स झाकलेलं असतं ते म्हणूनच. ही टोपी घालणारं सैन्य ज्या राजवटीसाठी लढलं तिने लाखो माणसं पद्धतशीर मारली, याचा विसर पडला की संग्रह भक्तीकडे झुकतो. अस्सलपणाचा आग्रह याच्याशी जोडलेला आहे. खरी टोपी हा पुरावा असतो, आणि त्यात फेरफार केला की त्याची साक्ष जाते.

म्हणूनच पारखीच्या शेवटी एका वेगळ्या टोपीबद्दल सांगायला हवं, जिच्यावर गरुडच नाही. 1945 च्या पराभवानंतर असंख्य सैनिकांनी गरुड स्वतः उपटून टाकला. कैद्यांच्या टोप्यांवरची चिन्हं उतरवली गेली. गरजेपोटी पुष्कळांनी तीच टोपी पुढे शेतात, कामावर घातली. अशा टोपीवर गरुडाच्या आकाराची गडद छाया असते, दोन भोकं असतात, कधी तुटलेला धागा असतो. बाजार तिला ‘अपूर्ण’ म्हणतो आणि स्वस्तात विकतो. मग कुणीतरी ती ‘पूर्ण’ करतो: दुसरीकडून खरा गरुड आणून त्याच दोन भोकांत बसवतो. भाग दोन्ही खरे, पण जुळणी खोटी. शिवाय 1945 मध्ये त्या माणसाने काय केलं, याची एकुलती खूण झाकली जाते. हातात अशी टोपी आली, तर ती रिकामी जागा भरू नये. ठेवताना सोबतच्या चिठ्ठीवर माप, शिक्का, गोटाचा रंग आणि ‘चिन्ह काढलेलं’ एवढं लिहावं. पुढच्या पारख्याला तेवढं पुरतं.